पाण्याचा धंदा आणि फ्रँचायझीचं गणित

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात एका सभासदाने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्या सोसायटीचं रजिस्ट्रेशन झालं तेव्हा आपल्या पत्त्यात नवघर-माणिकपूर नगरपरिषद होती आणि जिल्हा ठाणे होता. जुलै २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका आली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. आपण जागचे हललो नाही, पत्ताच दोनदा बदलला. या पंचवीस वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली नाही, ती म्हणजे कमिटीच्या मीटिंगमधला पहिला विषय. पाणी! त्यामुळे पाण्याच्या धंद्यातल्या माणसाला आज बोलायला उभं केलं, हे योग्यच झालं.

मी गेली बावीस वर्षं स्विमिंग पूलच्या देखभालीचं काम करतो. सुरुवातीला नातेवाइकांना सांगायचो, "पूल मेंटेनन्स करतो," तर त्यांना वाटायचं, हा वर्सोवा खाडीवरच्या पुलाला रंग देतो की काय! आता तसं होत नाही. उलट आता आपल्याच बिल्डिंगमधली मंडळी मला लिफ्टमध्ये थांबवून विचारतात, "अहो, पूल आणि स्पा मेंटेनन्सची फ्रँचायझी मिळते म्हणे. मुलासाठी घेऊ का?" गेल्या वर्षभरात तीन घरांतून हा प्रश्न आला. त्यातल्या एका घरात पैसे रिटायरमेंटचे आहेत, एका घरात गावची जमीन विकून आलेले आहेत. म्हणून ठरवलं, हा विषय सगळ्यांसमोरच मांडावा. कुणी ही फ्रँचायझी घ्या असं मी सांगणार नाही, घेऊ नका असंही सांगणार नाही. पैसे देण्याआधी गणित कसं मांडायचं, तेवढं सांगतो.

आधी काम काय आहे ते समजून घेऊ. कारण जाहिरातीत फक्त निळं पाणी दिसतं.

आपल्या वसईला राखलेलं पाणी नवीन नाही. बावखलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या पाण्यावर वाड्या पोसल्या, पोरं तिथेच पोहायला शिकली. पण त्याचा गाळ काढावा लागायचा. लक्ष दिलं नाही तर शेवाळ धरायचं. साठवलेलं पाणी राखावं लागतं. स्विमिंग पूल म्हणजे तेच. फरक इतकाच की बावखलात मासे, झाडं, माती आपापलं काम करतात आणि जमिनीतून नवं पाणी येतं. पूलच्या टाइल्स लावलेल्या टाकीत हे सगळं माणसालाच करावं लागतं.

एक मध्यम पूल धरू. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. त्यात ८६,४०० लिटर पाणी मावतं. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. हे पाणी रोज बदलता येत नाही, तेच गाळून, औषध घालून वापरायचं असतं. साधारण सहा ते आठ तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ च्या आसपास ठेवायचा. मोकळं क्लोरीन दर दहा लाख भागांत १ ते ३ भाग ठेवायचं, यालाच आम्ही पीपीएम म्हणतो. या पूलमध्ये १ पीपीएम क्लोरीन वाढवायचं तर टीसीसीए नावाची नव्वद टक्क्यांची पावडर सुमारे ९६ ग्रॅम लागते. मे महिन्यात ऊन आणि गर्दी असेल तर दिवसाला दोन-तीनशे ग्रॅम सहज जाते. आपल्याकडे पूलच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३२८. तरुणांनी ते एकदा वाचावं.

लोक म्हणतात, "पूलला क्लोरीनचा फार वास येतोय, जास्त टाकलंय." बहुतेक वेळा उलट असतं. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. तो वास त्याचा असतो आणि डोळेही त्यानेच चुरचुरतात. म्हणजे तिथे क्लोरीन जास्त नसून कमी पडलेलं असतं. अशा वेळी शिकलेला माणूस आधी पाणी तपासतो. न शिकलेला माणूस औषध बंद करतो आणि दोन दिवसांनी पूल हिरवा होतो.

आता स्पा. स्पा म्हटलं की आपल्याला नवीन काहीतरी वाटतं, पण वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आपल्या शेजारीच आहेत. कितीतरी पिढ्या तिथे सांधे शेकायला जातात. तिथलं पाणी जमिनीतून सतत येत राहतं. हॉटेलातल्या जकुझीचं तसं नसतं. जकुझी हे आडनाव आहे, बरं का. इटलीतून अमेरिकेत गेलेलं पंप बनवणारं कुटुंब. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता, त्याला घरच्या घरी पाण्याचा मसाज मिळावा म्हणून त्यांनी पंप तयार केला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आणला. पुढे १९६८ मध्ये आतच फवारे बसवलेला टब आला.

या टबाचं गणित बघा. टबात १,२०० लिटर पाणी आणि चार माणसं, म्हणजे माणशी ३०० लिटर. मघाच्या पूलमध्ये वीस जण उतरले तरी माणशी ४,३२० लिटर. म्हणजे टबातल्या पाण्यावर चौदा पट भार. त्यात पाणी ३७ ते ४० अंश गरम, त्यामुळे क्लोरीन भराभर संपतं. वर बुडबुड्यांतून उडणारे बारीक तुषार श्वासातून आत जातात. लिजनेला नावाचा जंतू अशाच कोमट, दुर्लक्षित पाण्यात वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संमेलनानंतर न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. तिथे कारण एअर कंडिशनिंगशी जोडलं गेलं, पण धडा आमच्यासाठीही आहे. स्पा दिसायला छोटा असतो, पण त्याची जबाबदारी पूलपेक्षा मोठी असते.

आणि रसायनं. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट दोन्ही क्लोरीनचीच औषधं आहेत, पण एका बादलीत, एका मापाने कधी घ्यायची नाहीत. आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. क्लोरीनच्या औषधात ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. जुलै २०१० मध्ये मुंबईत हाजी बंदरला जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शंभरावर लोकांना त्रास झाला, ते काही जणांना आठवत असेल. आमच्या पंपरूममध्ये सिलिंडर नसतो, पण बंद तळघर असतं. तिथे एक बादली चुकली तरी पुरे.

हे सगळं आधी का सांगितलं? कारण फ्रँचायझीच्या माहितीपत्रकात "अनुभवाची गरज नाही" असं वाक्य हमखास असतं. पैसे भरायला अनुभव लागत नाही हे खरंच आहे. पण पूल सांभाळायला लागतो.

आता फ्रँचायझीकडे येऊ. फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याची पद्धत वापरून आपण आपल्या पैशाने धंदा करायचा आणि त्याबद्दल त्याला फी आणि रॉयल्टी द्यायची. हे वाईट नाही. २००१ मध्ये मालाड स्टेशनबाहेर सुरू झालेला जंबोकिंगचा वडापाव फ्रँचायझीवरच पसरला. आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी एमएस-सीआयटी जिथे केलं, ते क्लासही याच धर्तीवर चालले. अभ्यासक्रम आणि परीक्षा एमकेसीएलची, जागा आणि शिक्षक क्लासवाल्याचे. त्यातून गावोगावच्या कितीतरी तरुणांना धंदा मिळाला.

पूलच्या कामातही परदेशात हे रुळलेलं आहे. अमेरिकेत पिंच अ पेनी ही कंपनी १९७५ पासून आहे, ऑस्ट्रेलियात पूलवर्क्स १९९२ पासून. पण तिथली एक गोष्ट आपण विसरतो. फ्लोरिडात किंवा ब्रिस्बेनमध्ये घरामागे पूल असतो. एका गल्लीत चार-पाच पूल. माणूस सकाळी गाडी लावतो आणि पायी फिरून काम संपवतो. आपल्याकडे पूल कुठे आहेत? अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रिसॉर्टमध्ये, हायवेच्या हॉटेलांत, विरारच्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये, वज्रेश्वरी रस्त्याच्या फार्महाउसमध्ये. अर्नाळ्याहून निघून हायवे गाठेपर्यंत ट्रॅफिकमध्ये किती वेळ जातो हे माणिकपूरकरांना मी सांगायला नको. फिरतीच्या धंद्यात नफा दोन ग्राहकांमधल्या अंतरावर ठरतो. परदेशी आकडे आपल्या रस्त्यावर चालत नाहीत.

आता रुपयांत बोलू. मी आकडे समजण्यासाठी धरतो आहे, कुठल्याही एका कंपनीचे नाहीत. तुमच्याकडे माहितीपत्रक असेल तर त्यातले आकडे घालून घरी हेच गणित करा.

समजा फ्रँचायझी फी ५ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ९० हजार. एकूण ५ लाख ९० हजार. करार पाच वर्षांचा, म्हणजे साठ महिने. महिन्याला फीचाच बोजा झाला ९,८३३ रुपये. रॉयल्टी ८ टक्के. इथे नीट ऐका, ती बहुधा नफ्यावर नसते, उलाढालीवर असते. तुम्हाला तोटा झाला तरी द्यायचीच. त्यावरही जीएसटी.

एका पूलचे महिन्याला सरासरी ९,००० रुपये मिळतात असं धरू. औषधांचा खर्च पूलमागे १,८०० रुपये. दोन माणसं, प्रत्येकी १८,००० पगार. पेट्रोल आणि गाडी ९,०००. जाळी, ब्रश, होज, टेस्टिंग किट वगैरे ४,०००. फोन, विमा, हिशेब लिहिणारा ४,०००.

दहा पूल मिळाले तर उत्पन्न ९०,०००. खर्च ७१,०००. स्वतःच्या नावावर धंदा असेल तर हातात १९,००० उरले. फ्रँचायझी असेल तर त्यातून रॉयल्टी ७,२००, तिचा जीएसटी १,२९६ आणि फीचा हप्ता ९,८३३ वजा करा. हातात राहतात ६७१ रुपये. महिनाभर उन्हात फिरून ६७१ रुपये! आणि यात तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही.

पंधरा पूल मिळाले तर? उत्पन्न १,३५,०००, खर्च ८०,०००. स्वतंत्र माणसाकडे ५५,००० उरतात. फ्रँचायझीवाल्याकडे सगळं देऊन सुमारे ३२,४००. म्हणजे पंधरापैकी अडीच पूलचं काम तुम्ही कंपनीसाठी करता.

पण थांबा. एवढ्यावर "फ्रँचायझी म्हणजे लूट" असं म्हणू नका. हेच गणित उलट बाजूने करू. स्वतंत्र माणसाला दहा पूलवर जेवढे १९,००० मिळतात, तेवढे फ्रँचायझीवाल्याला तेरा पूलवर मिळतात. स्वतंत्र माणसाचे पंधरा पूल म्हणजे फ्रँचायझीवाल्याचे एकोणीस. म्हणजे प्रश्न अगदी साधा झाला. कंपनीच्या नावामुळे, तिच्या ओळखीमुळे तुम्हाला स्वतःच्या हिमतीवर मिळाले असते त्यापेक्षा तीन-चार पूल जास्त मिळणार आहेत का? मिळत असतील तर बरोबरी झाली. सहा-सात जास्त मिळत असतील तर फ्रँचायझी फायद्याची. एकही जास्त मिळणार नसेल तर तुम्ही टी-शर्टवरच्या चिन्हाचे पैसे भरताय.

हा प्रश्न कंपनीला तोंडावर विचारा. "आमच्या भागात तुम्ही मला किती कामं आणून द्याल, आणि ते करारात लिहाल का?" तोंडी उत्तर ऐकू नका, लिहिणार का तेवढंच बघा.

अमेरिकेत कायदा असा आहे की फ्रँचायझी विकणाऱ्याने करारावर सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी एक सविस्तर कागद द्यायचा. त्यात कंपनीवरचे खटले, सगळे खर्च, किती फ्रँचायझी बंद पडल्या, जुन्या-नव्या फ्रँचायझीधारकांचे संपर्क, असे २३ भाग असतात. आपल्याकडे फ्रँचायझीचा असा वेगळा कायदा नाही. आपल्याला १८७२ चा करार कायदा लागू होतो. म्हणजे कागदावर जे लिहिलंय ते, आणि तुम्ही सही केलीय ते. म्हणून ते प्रश्न आपणच विचारायचे.

पहिला प्रश्न, भाग कुठला? "वसई-विरार" असं मोघम नको. वॉर्ड, गाव, पिनकोड लिहून घ्या. आणि त्या भागात कंपनी दुसऱ्याला फ्रँचायझी देणार नाही, स्वतःही थेट काम घेणार नाही, हेही.

दुसरा, औषधं कुणाकडून घ्यायची? कंपनीकडूनच घ्यायची सक्ती असेल तर तिचा दर आणि बाजारातला दर शेजारी शेजारी लिहा. पुष्कळदा खरी कमाई तिथे असते, रॉयल्टी नुसती दिसायला कमी असते.

तिसरा, ट्रेनिंग किती दिवस आणि कुठे? हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस प्रेझेंटेशन, की प्रत्यक्ष पूलवर महिनाभर? बॅकवॉश कधी घ्यायचा, पंपाने हवा धरली तर काय करायचं, हे स्क्रीनवर शिकता येत नाही.

चौथा, सोडून गेलेले लोक कोण? कंपनी तुम्हाला तिचा यशस्वी माणूस दाखवेल. तुम्ही ज्याने बंद केलं त्याचा नंबर मागा. दोन चालू, दोन बंद, अशा चौघांना भेटा.

पाचवा, अपघात झाला तर कोण? हा सगळ्यात महत्त्वाचा. करारात बहुधा एक कलम असतं की कुठलीही इजा, नुकसान, दावा झाला तर तो फ्रँचायझीधारकाने सोसायचा. २००२ मध्ये अमेरिकेत सात वर्षांची एक मुलगी स्पाच्या तळाशी असलेल्या ड्रेनच्या ओढीने धरली गेली आणि बुडाली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे तिच्याच नावाने ड्रेनच्या झाकणांचा कायदा झाला. आपल्याकडे कितीतरी पूलमध्ये तळाची जाळी तुटलेली मी पाहतो. नाव कंपनीचं आणि दावा तुमच्यावर, अशी पाळी येऊ शकते. म्हणून विमा घ्या, आणि तुटलेली जाळी दिसली तर पूल बंद ठेवायला सांगा. मालक रागावला तरी चालेल.

सहावा, बाहेर पडायचं कसं? १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला. कोका-कोलाची फ्रँचायझी असलेल्या त्या बाटली भरणाऱ्या कंपनीचे शेअर पेप्सीच्या बाजूला गेले. कोर्टाने सांगितलं की करार चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचं काम करायचं नाही ही अट बंधनकारक आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला ते लागू झालं, तर आपल्याला होणारच. करार संपल्यावरही "पुढे हा धंदाच करायचा नाही" अशी सरसकट बंदी करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकणं अवघड असतं. पण कंपनीचं नाव तुम्हाला वापरता येणार नाही, आणि ग्राहकांची यादी कुणाची यावरून भांडण होतं. ते आधीच लिहून घ्या. आणि सिक्युरिटी म्हणून सही केलेला कोरा चेक कुणालाही देऊ नका. कलम १३८ ची नोटीस घरी आली की आई-वडिलांची झोप उडते.

हे सहा प्रश्न आणि करार घेऊन एका वकिलाकडे जा. पाच-सहा लाखांपुढे त्याची फी काहीच नाही.

आता दुसरी वाट. हा धंदा फ्रँचायझीशिवाय सुरू करता येतो का? येतो. मी तसाच सुरू केला. पहिले सहा महिने कुणाच्या तरी हाताखाली काम करा, पगार कमी असला तरी. मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा, दोन्ही बघा. मे महिन्यात रिसॉर्टचा पूल माणसांनी भरलेला असतो, तर पावसात पाण्याची क्षारता घसरते आणि शेवाळ येतं. त्या दिवसांत रिसॉर्टची गर्दी ओसरते आणि पेमेंटही लांबतं. हे दोन ऋतू काढले तर धंदा कळला म्हणायचं. मग टेस्टिंग किट, जाळी, ब्रश, व्हॅक्यूम होज आणि एक स्कूटर, एवढ्यावर सुरुवात होते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पीएमईजीपीमध्ये सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना २५ टक्के अनुदान असतं.

आणि तिसरी वाट, जी सोसायटीच्या कार्यक्रमात सांगायलाच पाहिजे. नाव एक, पद्धत एक, पण मालक सगळे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच लिज्जत. आज तिच्या कितीतरी शाखा आहेत. पीठ एकसारखं, चव एकसारखी, नाव एकच. पण पापड लाटणारी बाई कुणाला रॉयल्टी देत नाही, कारण ती स्वतःच मालकीण आहे. वसईला तरी सहकार कुणी शिकवायला नको. आपली बॅसीन कॅथलिक बँक १९१८ पासून उभी आहे. चार-पाच तरुण एकत्र आले, एकाने अर्नाळ्याची बाजू घेतली, एकाने विरारची, एकाने हायवेची, औषधं एकत्र विकत घेतली, एक आजारी पडला तर दुसऱ्याने त्याचे पूल केले, तर फ्रँचायझी जे देते त्यातलं बरंचसं आपलं आपल्यालाच मिळतं. हिशेब मात्र दर महिन्याला, लेखी आणि सगळ्यांसमोर. आपल्या एजीएमसारखा. फक्त आवाज थोडा कमी!

शेवटी आपल्या घरचाच एक विषय. रिडेव्हलपमेंटची कुजबुज सुरू झाली आहे. बिल्डर येतील तेव्हा चित्रात गच्चीवर निळा पूल असणार. तो बघून हुरळू नका, नाकही मुरडू नका. मघाच्याच मापाचा पूल धरा. ७२ चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तरी ३६० लिटर जातात. आठवड्यातून एकदा बॅकवॉशला हजारेक लिटर. महिन्याला सुमारे पंधरा हजार लिटर, म्हणजे दीड टँकर. दीड हॉर्सपॉवरचा पंप आठ तास चालवला तर रोज नऊएक युनिट वीज. त्यावर देखभालीचं कंत्राट आणि लाइफगार्ड. सूर्याच्या नव्या योजनेतून ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारसाठी आहे, ही चांगली गोष्ट. तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते आपण टीव्हीवर पाहिलंय. कमी पावसाच्या वर्षी पूलकडे लोकांची नजर वेगळी असते. तेव्हा पूल हवा असेल तर बिल्डरला तीन गोष्टी कागदावर विचारा. भरायला पाणी कुठलं, बॅकवॉशचं पाणी बागेला किंवा फ्लशला वापरायची सोय आहे का, आणि पहिल्या तीन वर्षांची देखभाल कुणाची? मग तीन कोटेशन मागवा. त्यात आपल्याच सोसायटीतल्या एखाद्या मुलाचं किंवा मुलीचं कोटेशन असेल तर मला आनंद होईल. पण काम द्यायचं ते आपला म्हणून नाही, रोजची पाणी तपासणीची वही नीट ठेवतो म्हणून द्या.

तरुण मित्रांनो, विरार लोकलला लटकून रोज तीन-चार तास घालवण्यापेक्षा आपल्याच तालुक्यात काम असावं असं तुम्हाला वाटतं, ते योग्यच आहे. या धंद्यात काम आहे आणि ते वाढणार आहे. फ्रँचायझीने करा, एकट्याने करा, नाहीतर चौघांनी मिळून करा. फक्त आई-वडिलांच्या पैशाचा चेक फाडण्याआधी एका कागदावर दहा पूल आणि पंधरा पूल हे दोन हिशेब मांडा. जमलं नाही तर माझ्याकडे या. रविवारी संध्याकाळी मी घरी असतो, गणित करायला फी नाही, रॉयल्टीही नाही.

सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना मनापासून शुभेच्छा. टाकीला पाणी राहो, मीटिंगला कोरम होवो.